कोची ते नागपूर व्हाया पुणे : बुधवार पेठेत, समोरच्या फुटपाथवर

कोचीहून नागपूरला लवकरात लवकर पोचवणारं त्या दिवसाचं तिकीट पुण्यावरून होतं. दुपारी बाराच्या सुमारास पुण्यात उतरायचं, आणि संध्याकाळी सहाच्या विमानाने पुढे जायचं. मधे सहा तास. एरवी मी असलं तिकीट घेत नाही. लांब थांबा म्हणजे मला धास्ती. बॅग भलतीकडे गेली तर, दार बदललं तर, बाहेर पडलो आणि परत आत घेतलं नाही तर. पण त्या दिवशी निवड नव्हती. बाबांना बरं नव्हतं आणि मला त्यांना भेटायचं होतं.

माझे आधीचे लेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना माहीत आहे की मी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फिटर आहे. शिक्षण म्हणाल तर आयटीआय, तेही अर्धवट. काम निघेल त्या गावी दोन-तीन महिने मुक्काम असतो. हा ब्लॉग सुरू झाला तो बाबांमुळे. बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्या मोजायचे. विदर्भाबाहेर ते फारसे गेले नाहीत, विमानात तर कधीच बसले नाहीत. पण मी कुठूनही आलो की त्यांना सगळं हवं असायचं. रस्ता कसा होता, चहा केवढ्याला, खिडकीतून काय दिसलं, शेजारी कोण बसलं होतं. फोनवर सांगताना माझं काहीतरी राहून जायचं, म्हणून लिहायला लागलो. बाबा सातवी शिकलेले, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना चालत नसे. लेख टाकला की आधी चुकांचा फोन यायचा, मग कौतुकाचा. तेव्हा हाही लेख मी नेहमीसारखाच, सगळे तपशील देऊन लिहितो आहे. कोणाला पुण्यात असाच थांबा पडला तर उपयोग होईल.

काकांचा फोन सकाळी सहाच्या सुमारास आला. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या घराला लागूनच त्यांचं घर.

"विशू, उठला का? तुह्या बाबाले जरा बरं नाही. दवाखान्यात नेलं हाय. तू येऊन जा."

"काय झालं?"

"बीपी वाढलं म्हणते डॉक्टर. तू घाबरू नको. निघ फक्त."

"आईला द्या ना."

"आई तिकडंच हाय बाबाजवळ. मी घरी आलो डबा घ्याले. तू तिकीट पाह्य."

मी घाबरू नको म्हटल्यावर जास्त घाबरणारा माणूस आहे. सुपरवायझरला रजा मागितली, तर एरवी तीन प्रश्न विचारणारा तो माणूस लगेच हो म्हणाला, वर टॅक्सीही मागवून दिली. मला वाटलं, भला माणूस आहे. आहेच तो भला. पण त्याला काकांचा फोन माझ्या आधी गेला होता, हे मला नंतर कळलं.

कोचीच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला मी दोनदा विचारलं की बॅग थेट नागपूरला जाईल ना. जाते, दोन्ही तिकिटं एकाच कंपनीची असतील तर. बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचं गाव कोणतं छापलंय ते स्वतः वाचून घ्या. आणि दोन्ही बोर्डिंग पास कागदावर घ्या. मोबाइल कधीही दगा देऊ शकतो. मला तर तो त्या दिवशी हातातच मिळणार नव्हता.

विमान सुटायच्या आधी मी आमच्या कुटुंबाचा ग्रुप उघडून पाहिला. काका त्यावर रोज सकाळी फुलांचं चित्र आणि 'शुभ सकाळ' टाकतात, आणि खाली दहा-बारा जणांचे हात जोडलेले. आज काहीच नव्हतं. मी स्वतःला समजावलं, काका दवाखान्यात धावपळ करतायत, फुलं कुठून टाकतील. बाकीच्या दहा-बारा जणांचं काय, ते मी स्वतःला विचारलं नाही.

विमानात खिडकीची जागा होती. समुद्राचा किनारा बराच वेळ दिसत राहतो, मग डोंगर. बाबांना सांगायला म्हणून बघत होतो.

पुण्याचं नवीन टर्मिनल मोठं आणि स्वच्छ आहे. बाहेर पडणाऱ्यांसाठी सूचना : एकदा बाहेर आलात की परत आत जायला तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही लागतं आणि पुन्हा तपासणी होते. त्यासाठी हाताशी तास-दीड तास ठेवा. टॅक्सी दाराशी मिळत नाही, समोरच्या पार्किंगच्या इमारतीत जावं लागतं. रिक्षावाले मीटर टाकायला राजी नसतात, आधी ठरवून घ्या.

मी बाहेर पडणारच नव्हतो. आत खुर्चीवर बसून राहायचं, असं ठरवलं होतं. पण उतरल्या उतरल्या मंगेशदादाचा फोन आला, "बाहेर ये, मी आलोय."

मंगेशदादा काकांचा मोठा मुलगा. दहा वर्षं पुण्यात आहे, चाकणला एका कारखान्यात कामाला, घर विश्रांतवाडीत. पार्किंगच्या इमारतीपाशी स्कूटर लावून उभा होता. एक हेल्मेट डोक्यावर, एक हातात. दाढी केलेली नव्हती. मला पाहून त्याने मिठी मारली. आमच्याकडे भाऊ-भाऊ मिठी मारत नाहीत. खांद्यावर थाप देतात.

"तुला सुट्टी कशी मिळाली?" मी विचारलं.

"घेतली. मी पण येतोय तुझ्यासोबत. सहाच्याच विमानानं."

"दादा, इतकं सीरियस आहे?"

"अरे नाही बे. गावच्या प्लॉटची मोजणी आहे, माझे बाबा कधीचे मागं लागले होते. म्हटलं तू चाललाच आहेस तर सोबत होईल." त्याने हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं आणि पट्टा स्वतः लावून दिला, लहान मुलाला लावतात तसा. "चल, वहिनी जेवायला थांबलीय."

मोजणीचं मला खरं वाटलं का? मला ते खरं हवं होतं.

विमानतळावरून विश्रांतवाडी जवळ आहे. पाचशे नऊ चौकातून टिंगरेनगरच्या बाजूने गेलं की पंधरा-वीस मिनिटं, गर्दी असेल तर अर्धा तास. मधल्या सिग्नलला एक गृहस्थ लाल दिव्यात पुढे घुसले, तर शेजारच्या रिक्षावाल्याने शांतपणे विचारलं, "काका, दवाखाना उघडा आहे अजून. एवढी काय घाई?" सगळे हसले. दादा हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर सगळ्यांत आधी तो हसतो आणि वर स्वतःची भर घालतो.

वहिनी मूळची पुण्याची, कर्वेनगरची. बोलायला स्पष्ट. मागच्या वेळी आलो तेव्हा दारातच म्हणाली होती, "या विशाल भावजी, चपला सरळ ठेवा, आमच्याकडे पाहुण्यांनाही नियम लागू आहेत." या वेळी दार उघडून ती बाजूला झाली. "या. हात-पाय धुऊन घ्या. पान वाढते."

वरण-भात, पोळी, बटाट्याची साधी भाजी. माझा घास उतरेना. वहिनी समोर बसून राहिली.

"अजून एक पोळी घ्या."

"नको, वहिनी. खरंच नको."

"घ्या म्हणते ना. प्रवास मोठा आहे. पुढं कधी जेवाल सांगता येत नाही."

"दादा नाही बसत?"

"त्यांना ॲसिडिटी झालीय," वहिनी म्हणाली. त्याच वेळी दादा आतून म्हणाला, "माझं झालं मघाशी." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पोळी घेतली.

जेवता जेवता मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे बघत होतो. तिथे त्यांचं छोटं देवघर आहे. वहिनी सकाळी चहाच्या आधी दिवा लावते, त्यात खंड नाही. आज देवघराला पडदा ओढलेला होता. मी विचारलं नाही. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं. आईचा फोन बंद येत होता. बाबांचा फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. मग काकांना लावला, तर मागे बरीच माणसं बोलत असल्याचा आवाज आला. "दवाखान्यात गर्दी हाय रे," काका म्हणाले. "जेवला का तू?" आणि फोन कट.

तेवढ्यात दादाने माझा मोबाइल हातातून घेतला. "बॅटरी बघ किती उतरलीय. चार्जिंगला लावतो." आतल्या खोलीत घेऊन गेला.

आता अजून साडेतीन तास होते. जेवून हात पुसत मी म्हणालो, "दादा, दगडूशेठला जाऊन येऊ."

दादाने वहिनीकडे पाहिलं.

"बाबांसाठी नारळ ठेवतो. हार घेऊन जाईन त्यांच्या उशाशी ठेवायला. वेळ होतो ना परत यायला?"

"अरे, ट्रॅफिक असतं," दादा म्हणाला. "पार्किंग मिळत नाही. विमान चुकलं तर?"

विमान चुकेल ही भीती दाखवली की मी कुठलीही गोष्ट सोडतो, हे त्याला माहीत होतं. पण त्या दिवशी मी हटलो नाही. मागच्या वर्षी मला स्वतःहून तिथे नेणारा तोच होता. रांगेत तासभर उभं राहून, पुढच्यांशी गप्पा मारून, आत नेऊन माझं डोकं टेकवून घेतलं होतं.

"नाहीतर मी रिक्षाने जाऊन येतो," मी म्हणालो.

वहिनी दादाकडे बघून हळूच म्हणाली, "न्या त्यांना. घरात बसून तरी काय करणार आहेत?" मग जरा थांबून, "बाहेरूनच जाऊन या."

फोन मागितला तर दादा म्हणाला, "राहू दे, चार्ज होऊ दे. माझा आहे ना."

विश्रांतवाडीहून बुधवार पेठेत स्कूटरवरून जायचं तर आळंदी रोडने संगमवाडीला उतरा, तिथून जुना बाजार, मग शनिवारवाड्यापाशी शिवाजी रस्त्याला लागा. हा रस्ता एकेरी आहे. परत त्याच वाटेने येता येत नाही, बाजीराव रस्त्याने फिरून यावं लागतं. ते वेळेत धरा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी विमानतळावरून रिक्षाने रामवाडी मेट्रो गाठावी, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरावं. स्वस्तही पडतं आणि वेळेचा भरवसा राहतो.

वाटेत दादाचा फोन खिशात सारखा थरथरत होता. माझ्या गुडघ्याला ते जाणवायचं. त्याने एकदाही उचलला नाही.

बुधवार पेठेत दुपारी ऊन चांगलंच होतं. एका गल्लीत विजेच्या सामानाच्या दुकानांसमोर कशीबशी स्कूटर लावली. ज्याच्या दारात लावली तो दुकानदार न उठता म्हणाला, "लावा, लावा. दुकान काय, आम्ही पार्किंगसाठीच टाकलंय." दादा "पाच मिनिटं हो, साहेब," म्हणाला. त्यावर तो म्हणाला, "पाच मिनिटं म्हणणारे संध्याकाळी येतात. बाप्पाला आमचाही नमस्कार सांगा."

दगडूशेठचं एक आहे, रस्त्यावरून जाता जाता दर्शन होतं. लोक चालता चालता थांबतात, हात छातीला लावतात आणि पुढे जातात. ज्यांना घाई आहे त्यांना तेवढंही पुरतं. आत जायचं तर रांग. त्या दुपारी रांग मोठी नव्हती, अर्ध्या तासात झालं असतं.

मी रस्ता ओलांडून हारवाल्या बाईंकडून नारळ, जास्वंदीचा हार आणि दूर्वांची जुडी घेतली. "आत स्वतः देणार ना?" बाईंनी विचारलं. "मग केळीच्या पानात बांधून देते, चुरगळणार नाही." ते सगळं घेऊन मी वळलो, तर दादा माझ्यामागे नव्हता. तो समोरच्याच फुटपाथवर थांबला होता. एका बंद शटरला पाठ टेकून, पायात बूट तसेच. देवाकडे त्याचं तोंडसुद्धा नव्हतं.

मी खुणेने बोलावलं. त्याने मान हलवली. मी परत रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेलो.

"चल ना. रांग कमी आहे."

"तू... तू पण इथूनच हात जोड, विशू."

"अरे, नारळ घेतलाय."

"ते राहू दे." त्याने माझ्या मनगटाला धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं. "आत नको जाऊ. माझं ऐक."

"का पण?"

"गर्दी आहे."

गर्दी नव्हती. आम्हा दोघांनाही समोर दिसत होतं की गर्दी नव्हती.

घरात कोणी गेलं की आमच्याकडे भाऊबंदांना दहा दिवस सुतक असतं. देवळात जायचं नाही, देवाला शिवायचं नाही, दाढी करायची नाही. घरातला दिवाही बंद. मुलाला असतं, तसंच पुतण्यालाही असतं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आजोबा गेले तेव्हा बाबांनी आणि काकांनी पाळलेलं मी लहानपणी पाहिलं होतं.

मी दादाची न केलेली दाढी पाहिली. बूट पाहिले. देवघराचा ओढलेला पडदा आठवला. मग बाकीचं काही आठवावं लागलं नाही.

मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. रस्त्यावरून बस गेली, एक माणूस ओरडत रिकामी हातगाडी घेऊन गेला. दादा माझ्याकडे बघत नव्हता. त्याने माझं मनगट सोडलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचा तो सगळा शीण दिसत होता. सकाळी सातपासून हा माणूस तिकीट काढतोय, खोटं बोलतोय, मला जेवायला घालतोय, माझा फोन लपवतोय. काकांनी त्याला एकच काम दिलं असणार. नागपूरपर्यंत त्याला कळू देऊ नको.

मी विचारलं असतं तर तो रडला असता. त्या फुटपाथवर, विजेच्या माळा विकणाऱ्या दुकानांसमोर. मग मीही. आणि मला असंही वाटलं, ते वाटणं बरोबर होतं की चूक अजून ठरवता आलेलं नाही, की जोवर कोणी तोंडाने सांगत नाही तोवर बाबांना नुसतं बरं नाही.

शेजारून एक आजी काठी टेकत रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. मी त्यांना थांबवलं.

"आजी, आत चाललाय का? एवढं नेऊन द्याल?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "का? तुझे पाय दुखतात का? माझ्या वयाची मी चाललेय की."

"विमान गाठायचंय."

"विमानवाल्यांना देवासाठी अर्धा तास नाही," असं म्हणत त्यांनी नारळ पिशवीत टाकला आणि हार हातात घेतला. "कोणाच्या नावानं देऊ?"

मी बाबांचं नाव सांगितलं. दादा ऐकत होता, म्हणून जरा मोठ्याने सांगितलं. "बाबा आहेत माझे. दवाखान्यात आहेत. बरं नाहीये."

आजींचा आवाज बदलला. "होतील हो बरे. सांगते मी त्याला." आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

नंतर मला वाटत राहिलं की सुतकात तो हार हातात धरला, ते चाललं का. विचारायला कोणी नव्हतं. आजींना मी फसवलं, हेही आहेच. त्यांना हे कधी कळणार नाही. पण रांगेत त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. त्या खरंच काहीतरी पुटपुटत पुढे सरकत होत्या.

दादाने मनगट सोडलं. रुमालाने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं. "चल. उशीर होईल तुला," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी त्याच्या मागे बसून रडलो. हेल्मेटची काच खाली केली की कोणाला दिसत नाही. बाजीराव रस्त्यावर दर चौकात सिग्नल लागतो. एका ठिकाणी दादाने आरसा जरा वळवला. मला वाटतं, मी दिसू नये म्हणून.

घरी दादाची बॅग तयार होती. वहिनीने माझा फोन आणून दिला. बंद केलेला होता. मी तो तसाच खिशात टाकला. रिक्षा खाली येऊन उभी होती. या घरातून निघताना दर वेळी वहिनी तळहातावर दही-साखर देते, आणि वर "पोचल्यावर फोन करा, नाहीतर करूच नका," असं काहीतरी बोलते. या वेळी ती दारात चौकट धरून उभी राहिली. मीही चपला घातल्या आणि जिना उतरू लागलो. "येतो" म्हणालो नाही. सुतकाच्या घरातून निघताना आमच्याकडे म्हणत नाहीत.

अर्धा जिना उतरल्यावर वर वहिनीचा हुंदका ऐकू आला. मी न बोलता निघालो आणि तिला कळलं.

विमानतळावर तपासणीला वेळ लागला नाही. आत चहा महाग आहे, पाणी मात्र नळाचं फुकट मिळतं, बाटली रिकामी करून आत न्या आणि भरून घ्या. आम्ही दाराजवळच्या खुर्च्यांवर बसलो. समोर एक छोटी मुलगी आपल्या बाबांना विचारत होती की विमानाला हॉर्न असतो का. ते म्हणाले, "असतो, पण पुण्यात वाजवून वाजवून बंद पडला." मुलीला पटलं नाही.

दादा बराच वेळ हातांकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "विशू, एक सांगायचंय तुला."

"नागपूरला सांग," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. भेटल्यापासून पहिल्यांदा नीट.

"उतरल्यावर सांग, दादा. तोवर राहू दे."

त्याने मान हलवली. विमान लागलं. त्याने मला खिडकीची जागा दिली. बाहेर बघायला मला नको वाटत होतं, तरी बघितलं. पुण्याचे डोंगर, धरणाचं पाणी, मग नुसते ढग. उतरल्यावर, पट्ट्यावर माझी बॅग यायच्या आधी, त्याने सांगितलं. बाबा पहाटे झोपेतच गेले होते. काकांनी मला फोन केला तेव्हा बाबा नव्हते. दवाखान्यात नेलंच नव्हतं. मी कोणतंही विमान धरलं असतं तरी मला ते भेटले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना अग्नी दिला.

आता चौदावा होऊन गेला आहे. काकांवर सुरुवातीला मला राग आला होता. माझ्या बाबांची बातमी माझ्या सुपरवायझरला आधी आणि मला शेवटी, हे कसलं? पुण्यातले ते सगळे तास मी खोट्यात घालवले. पण मग काकूने सांगितलं की काका मला फोनवर खरंच सांगणार होते. आईने त्यांच्या हातातला फोन धरला. बाबांना जाऊन तासही झाला नव्हता, अजून कोणी आलं नव्हतं, आणि तिला हे सुचलं. म्हणाली, "त्याले रस्त्यात सांगू नका. पोरगं एकटंच रडन तिकडं. कोण हाय त्याच्याजवळ? मंगेशले म्हणा, त्याले जेवू घाल आन् घेऊन ये."

म्हणजे तो दिवस आईने ठरवला होता. मला तेवढा वेळ तिने दिला होता. तिला स्वतःला तो कोणी देऊ शकलं नाही. ती त्यांच्या शेजारीच झोपली होती.

लोक विचारतात की पुण्यात सहा तास असतील तर बाहेर पडावं का. पडा. वेळ पुरतो. दगडूशेठ बाहेरूनही दिसतो. दुसरं काय सांगावं, मला सुचत नाही. घरी आल्यापासून मी त्या दिवसाचा हिशेब लावायला बघतो आणि तो लागत नाही. त्या दुपारपर्यंत बाबा माझ्यापुरते होते. बाकी कोणाहीपेक्षा मला ते काही तास जास्त मिळाले, मग ते खोटे का असेनात.

परवा आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी कोचीला परत कधी जायचं ते विचारत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "विशू, पुण्याले तुले काही समजलं नव्हतं ना रे?"

तिच्या त्या सगळ्या दिवसांत हीच एक गोष्ट तिच्या मनासारखी झाली होती.

"नाही, आई," मी म्हणालो. "जेवलो, फिरलो. काहीच कळलं नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि परत तांदूळ निवडू लागली.